दहा माणसांचा मलिदा

सॅमसनकाका अष्टमकरांशी माझी ओळख भांडणातून झाली आणि ते भांडण मी उकरून काढलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले, की ही पहिल्यापासून त्यांच्याच बाजूची असं कुणाला वाटायला नको.

मी तेव्हा ‘अपरांत एअर’मध्ये नवी होते. कंपनीने पनवेलजवळच्या नव्या विमानतळावर बस्तान हलवलं आणि जिते गावच्या दिपिका पाटीलला, म्हणजे मला, टेक्निकल रेकॉर्ड्समध्ये चिकटवून घेतलं. विमानाचा कोणता भाग कुठून आला, कधी बसवला, कोणाच्या सहीने बसवला, याचे कागद सांभाळायचे हे माझं काम. आणि ते भाग ज्यांच्या ताब्यात, ते स्टोअरकीपर सॅमसनकाका. ठेंगणे, गोरेपान, भुवया पांढऱ्या, आणि खिशाला कायम चार पेनं.

त्या दिवशी नांदेडचं विमान एका पंपासाठी अडलं होतं. तसला एक पंप स्टोअरच्या पिंजऱ्यात होता. पिंजरा म्हणजे जाळीची कुलूपबंद खोली. ज्या भागाबद्दल काहीही शंका आहे तो लाल टॅग बांधून तिथे ठेवायचा आणि शंका फिटली की पिवळा टॅग बांधून बाहेर काढायचा. मी तणतणत गेले.

“काका, पंप द्या. प्रवासी खोळंबलेत.”

“लाल टॅग हाय त्याला.”

“माहितेय. एक सहीच तर राहिलीय.”

“मग ती घेऊन ये.”

“सही करणारे साहेब रजेवर आहेत.”

“मग पंपपण रजेवर,” काका म्हणाले, आणि थर्मासमधून चहा ओतायला लागले.

माझं डोकं फिरलं. तुमच्यासारख्यांमुळेच कंपनी बुडतेय, असं मी सगळ्या मेकॅनिकांसमोर बोलले. काकांनी चहाचा दुसरा कप माझ्यापुढे सरकवला. लाल टॅग सुटायला दोन सह्या लागतात, एक स्टोअरची आणि एक बाहेरच्या खात्याची, एकट्याच्या सहीवर काही सुटत नाही, हे त्यांनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. दुसरीकडून पंप मागवून विमान चार तास उशिरा गेलं. पुढच्या आठवड्यात पंपाची तपासणी झाली आणि पंप ठणठणीत निघाला. मी तो कागद नाचवतच स्टोअरमध्ये नेला. म्हटलं आता म्हातारा ओशाळेल.

काकांनी कागद वाचला, पिवळा टॅग काढला, सही केली आणि माझ्यापुढे धरला. “बरं झालं. आता कर तू दुसरी सही.”

ओशाळणं वगैरे काही नाही. माझा सगळा राग त्या दिवशी फुकट गेला.

रोह्याहून सकाळची गाडी सुटते, तिने काका यायचे. जित्याला मी चढले की ते समोरच्या बाकावर असायचेच, मांडीवर डबा आणि डब्यावर घडी केलेला पेपर. भांडण झालेल्या माणसासमोर रोज तासभर बसायचं, तर शेवटी बोलावंच लागतं. तसं आमचं बोलणं सुरू झालं आणि मग थांबलंच नाही.

काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. रोह्याच्या पलीकडे, कुंडलिका नदीच्या पल्याडच्या काठावर अष्टमी आहे, तिथलं त्यांचं घर. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. काकांनीही नोकरीला लागताना एकच अट घातली होती, शनिवारी सुट्टी. त्याच्या बदल्यात गणपतीत, दिवाळीत, ईदेला, नाताळात स्टोअर सांभाळायचे ते काकाच. एकदा मी त्यांना म्हटलं, “सगळ्यांचे सण तुम्ही कामात घालवता.” तर म्हणाले, “सगळ्यांच्या घरचं फराळाचं ताट मात्र मला येतं. तोटा सांग कुठं झाला?”

एकेकाळी अष्टमीत त्यांची बरीच घरं होती. एकेक करत माणसं इस्रायलला गेली. काकांची बायकोही सहा वर्षांपूर्वी वारली आणि मुलगी लीया नवऱ्याबरोबर तिकडेच अश्दोदला गेली. राहिले काका आणि त्यांच्या प्रार्थनाघराची, सिनेगॉगची किल्ली. पितळेची, वीतभर लांब. दर शुक्रवारी संध्याकाळी घरी गेले की ते सिनेगॉग उघडायचे, झाडायचे, दिवा लावायचे. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणे. दहा तर सोडाच, बहुतेक वेळा काका एकटेच असायचे.

“मग कोणासाठी उघडता?” मी विचारलं होतं.

“बंद राहिलं तर कुलूप गंजतं गो.”

आणखी एक गोष्ट ते अगदी रंगवून सांगायचे. त्यांचा संदेष्टा एलियाहू घोड्यांच्या रथातून आभाळात गेला, तो अलिबागेजवळच्या खंडाळ्यावरून गेला अशी त्यांच्या लोकांची श्रद्धा. खडकावर खूण आहे अजून. “कोकणातलं पहिलं उड्डाण ते,” काका म्हणायचे, “आणि अपरांतसारखं नाय, वेळेवर सुटलं.”

अपरांतचं खरंच काही वेळेवर उरलं नव्हतं. सात विमानांची तीन झाली होती. पगार पुढे ढकलले जात होते आणि कँटीनमध्ये भज्यांऐवजी अफवा तळल्या जात होत्या. अशात बातमी आली, की ‘झटपट एअर’ ही नवी स्वस्त तिकिटांची कंपनी आमच्याशी भागीदारी करण्याचा विचार करतेय. झटपटकडे कोरी विमानं होती, जांभळे गणवेश होते, टीव्हीवर नाचणाऱ्या जाहिराती होत्या. नव्हती ती अनुभवी माणसं, कार्यशाळा आणि छोट्या गावांचे मार्ग. ते सगळं आमच्याकडे होतं. म्हणजे त्यांच्याकडे वऱ्हाड होतं आणि आमच्याकडे मांडव. पण बातमीत शब्द होता ‘विचार’, आणि त्या एका शब्दावर आम्ही चारशे माणसं लोंबकळत होतो.

त्याच आठवड्यात गाडीत काकांनी खिशातून ती पितळी किल्ली काढली. किल्लीला लाल टॅग बांधलेला. कंपनीचाच, दोरीसकट. ‘कारण’ या रकान्यात काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: निर्णय बाकी.

“हे काय काका?”

“लीया रोज फोन करते. पप्पा, आता या म्हणते. मी तिला सांगितलंय, कंपनी हाय तोवर मी हाय. कंपनी बंद झाली तर मी या वयात कुठं नोकरी शोधू? रिकामा बसून भिंतीशी बोलू? मग जाईन. आणि मी गेलो तर या किल्लीचं काय, ते ठरत नाय. ठरेपर्यंत लाल.”

मला एकदम गलबलून आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. माझं वय अठ्ठावीस, मला दुसरी नोकरी मिळाली असती. पण काका गेले असते तर अष्टमीतलं ते दार कायमचं बंद झालं असतं, आणि समोरच्या बाकावर कुणी तिसराच डुलक्या घेत बसला असता. मला ते नको होतं. अगदी स्वार्थाने नको होतं.

“तुमच्या एलियाहूला सांगा ना काहीतरी,” मी म्हटलं.

“सांगितलंय,” काका म्हणाले. “नवस केलाय. काय ते विचारू नको. फळल्याशिवाय सांगत नसतात.”

मग झटपटची पाहणी टीम आली. प्रमुख होत्या अपेक्षा निंबाळकर, पुण्याच्या. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, आवाज हळू, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय नजर हलवायची नाही. आमचे तळप्रमुख विशालसाहेब त्यांच्यामागे असे फिरत होते, की जणू मुलीच्या परीक्षेचा निकाल आहे. तीन दिवस टीमने सगळं उपसलं. आमच्या खात्याला त्या बाई ‘ठीक’ म्हणाल्या, तर मी आनंदाने घरी श्रीखंड नेलं. गुरुवारी त्यांनी दोन्ही कंपन्यांच्या माणसांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, कागदपत्रं मागवायला. नाव ‘भागीदारी पाहणी’. चाळीसेक माणसं होती त्यात. त्यात काकाही.

काका फोनवर एका बोटाने टाइप करतात. आणि नाव शोधायच्या भानगडीत पडत नाहीत, कारण त्यांना फक्त एकाच माणसाला लिहायचं असतं आणि ते नाव यादीत कायम सगळ्यात वर असतं. त्या गुरुवारी सगळ्यात वर ‘भागीदारी पाहणी’ होतं.

संध्याकाळी सात वाजता ग्रुपवर काकांचा मेसेज आला. जसाच्या तसा देते:

“झटपटशी भागीदारी पक्की झाली की माझ्याकडून मलिदा. दहा माणसं लागतील. सात हायत, तीन शोधतोय. एलियाहूचा वाटा पहिला बाजूला काढायचा. सगळी तयारी तुझ्याकडे. ठरेपर्यंत कोणाला बोलू नको.”

मराठीत मलिदा कोण खातं आणि कसला खातं, हे कोणाला सांगायला नको. मी घरी भात वाढून घेत होते, ताट तसंच राहिलं. दहा मिनिटांत विशालसाहेबांचा मला फोन आला, आवाज गेलेला. निंबाळकरबाईंनी बोलणी थांबवली होती. त्यांना संशय होता, की स्टोअरमधले बाद भाग बाहेर विकले जातायत आणि हा एलियाहू त्यातला बडा मासा आहे. दोन्ही कंपन्यांच्या यादीत एलियाहू नावाचा माणूस शोधून झाला होता. सापडत नव्हता, त्यामुळे संशय आणखी वाढला होता. उद्या अकरा वाजता स्टोअरमध्ये चौकशी. मी पिंजऱ्यातल्या प्रत्येक भागाचे कागद घेऊन हजर राहायचं.

आणि मला ते खरं वाटलं. हे लिहिताना आजही कान गरम होतात. ज्या माणसाने मला एका सहीसाठी चार तास ताटकळवलं, तो माणूस वाटा काढतोय हे मला खरं वाटलं. एलियाहूचं नाव मी त्यांच्याच तोंडून दहा वेळा ऐकलेलं. पण रागाला तेवढी आठवण कुठली? उलट वाटलं, शी, देवाच्या नावाचा सांकेतिक शब्द केला यांनी! रात्रभर मी त्यांना मनात शिव्या घातल्या.

सकाळी मी मुद्दाम मागच्या डब्यात चढले. पनवेलला फलाटावर काकांनी मला गाठलंच.

“काय गो, डबा चुकलीस? पेणपासून तुझी जागा धरून होतो.”

त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. ग्रुप त्यांनी उघडून पाहिलाच नव्हता. मी उत्तर न देता बसकडे चालू लागले. काका मागून “बरं नाय काय?” म्हणत आले. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

अकरा वाजता स्टोअरच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो. निंबाळकरबाई, विशालसाहेब, काका आणि फायलींच्या ढिगाऱ्याआड मी. बाईंनी सरळ सुरुवात केली.

“अष्टमकर, तुम्ही मलिदा देणार आहात?”

काकांचा चेहरा पडला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“म्हणजे खरं आहे?”

“खरं हाय. पण ठरल्याशिवाय बोलायचं नसतं मॅडम.”

विशालसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

“हे किती वर्षं चालू आहे?”

“आजोबांच्या आधीपासून. त्यांचे आजोबापण करायचे.”

“आणि कोणाकोणाला मिळतो?”

“जो येईल त्याला,” काका म्हणाले, आणि मग शिष्टाचार आठवून, “तुम्हीपण या की. तुमच्यासाठी वेगळा ठेवतो. साहेब, तुम्हीपण.”

“माझा काही संबंध नाही!” विशालसाहेब जवळजवळ ओरडले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “दहा माणसं कोण?”

“तीच तर अडचण हाय. सात मिळालीत. बाकीची गेली.”

“कुठे गेली?”

“इस्रायलला.”

“पळून?”

“पळून कशाला? विमानानं.”

याच क्षणी बाईंचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा रंगच उडाला. ग्रुपवर मेसेज होता, आणि तो आमच्या माणसाचा नव्हता. झटपटचे वैमानिक कॅप्टन मायकल चेऊलकर चार दिवस परदेशात प्रशिक्षणाला होते, ते नुकतेच ठाण्याला घरी पोचून फोन वाचत होते. त्यांनी लिहिलं होतं: “मलिद्याला मीही येतो. माझा वाटा ठेवा. मला धरून किती झाले?”

बाईंनी तो मोठ्याने वाचला. स्वतःच्याच कंपनीचा माणूस! त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला.

काका मात्र खुर्चीतून उभे राहिले. “चेऊलकर? म्हणजे आमच्यातला दिसतोय! मॅडम, आठ झाले! आठ!”

‘आमच्यातला.’ तो शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दहा माणसं, एलियाहू, नवस, आजोबांचे आजोबा. मी फायली बाजूला लोटल्या.

“काका, मलिदा म्हणजे काय?”

“म्हणजे काय म्हणजे? मलिदा. पोहे, खोबरं.”

“पोहे?” बाई म्हणाल्या.

“गोड पोहे. एलियाहूच्या नावानं. नवस फळला की करतो आम्ही. तुमचा सत्यनारायण असतो ना, तसं समजा.” मग काका गोंधळून आमच्या तोंडांकडे बघायला लागले. “पण तुम्हाला कळलं कसं? मी तर शीराला लिहिलं होतं.”

“शिऱ्याला?” विशालसाहेब म्हणाले. त्यांचं डोकं तोवर पार चालेनासं झालं होतं.

“शीरा! बहीण हाय माझी. पेणला असते.”

“बहिणीचं नाव शीरा,” बाई सावकाश म्हणाल्या, “आणि ती मलिदा करते.”

“फक्कड करते.”

“फोन लावा तिला. स्पीकरवर.”

शीराआत्या काकांपेक्षा आठ वर्षांनी मोठी. फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, “काय रं, ड्युटीवर असून फोन? पडलास काय कुठं?”

“शीराताई, मी सॅमसन यांच्या ऑफिसातून बोलतेय,” बाई म्हणाल्या. “मलिदा कसा करतात, सांगाल?”

“तुम्हाला करायचाय? मग पेणचेच पोहे घ्या, दुसरे भिजले की लगदा होतो. पाण्यातून काढायचे, निथळू द्यायचे. गूळ नायतर साखर, ओलं खोबरं हात आखडता न घेता, वेलची, सुकामेवा. वर पाच जातीची फळं. आणि आधी प्रार्थना, मग खायचं, मधेच चव बघायची नाय. पण नवस कोणाचा हाय?”

“सॅमसन यांचा. भागीदारीसाठी.”

पलीकडून असा भडका उडाला की काकांनी फोनपासून तोंड बाजूला घेतलं. “सॅमसन! मेल्या! सख्ख्या बहिणीला सोडून अख्ख्या कंपनीला सांगितलंस? दहा किलो पोहे काय मी ऐन वेळी कांडायला बसू? मला बोलायला तुझी जीभ झडली होती?”

निंबाळकरबाई हसल्या. आधी नाकातून, मग टेबलावर डोकं टेकून. विशालसाहेबांचा जीव असा भांड्यात पडला, की ते काकांच्या थर्मासातला चहा न विचारता प्यायले. मीही हसत होते, आणि हसता हसता मला रडू येत होतं, ते फायलीत लपवत होते. काकांना मात्र अजून कळत नव्हतं. त्यांना मी तो मेसेज दाखवला, आणि मलिदा म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला काय आठवतं ते सांगितलं. सत्तावन्न वर्षं या राज्यात काढलेला माणूस, पण देवाच्या ताटाचं नाव कोणी लाचेला देईल हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

“असं पण म्हणतात होय,” ते हळूच म्हणाले. “वंगाळ म्हणतात.”

मग एकदम ते बाईंकडे वळले. “मॅडम, माझ्यामुळे बोलणी थांबली काय? चारशे माणसं हायत हो.”

बाई सरळ बसल्या. “अष्टमकर, मंगळवारी मी तुमच्याकडे पिंजऱ्यातला एक भाग नुसता हातात बघायला मागितला होता. आठवतं? तुम्ही दिला नाहीत.”

“सही नव्हती मॅडम.”

“मी म्हटलं, मीच उद्याची तुमची मालकीण. तरी दिला नाहीत. वर मला चहा दिलात.” त्यांनी वही मिटली. “ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलंय. काल रात्री मला तेच खोटं वाटायला लागलं होतं, म्हणून राग आला होता. बाकी वरचे लोक ठरवतील. माझ्याकडून आडकाठी नाही.”

परतीच्या गाडीत मी काकांसमोर बसले. पनवेल गेलं, सोमाटणे गेलं, तरी तोंड उघडेना. शेवटी आपट्याला म्हटलं, “काका, मला खरं वाटलं होतं. सकाळी म्हणून दुसऱ्या डब्यात बसले. चुकले मी.”

“शंका आली तर लाल टॅगच लावायचा असतो गो,” काका म्हणाले. “मीच तर शिकवलं तुला. आता तपासून झालं. ठीक निघालो ना? झालं तर.”

“लाल टॅग कुठला काका. मी तुम्हाला थेट भंगारात काढलं होतं.”

त्यावर ते इतके हसले, की पलीकडच्या बाकावरच्या बायका बघायला लागल्या. जित्याला उतरताना माझ्या छातीवरचं ओझं गाडीतच राहिलं.

मंगळवारी दुपारी भागीदारीची घोषणा झाली. आमच्या विमानांना जांभळा पट्टा येणार होता आणि नावामागे त्यांचं नाव, पण माणूस एकही जाणार नव्हता. मेकॅनिकांनी विशालसाहेबांना उचलून घेतलं. मी स्टोअरकडे धावले. काका जाळीला टेकून उभे होते, चष्मा हातात, डोळे पुसत. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

पुढच्या रविवारी अष्टमीला मलिदा झाला. रोहा, पेण, अलिबागकडचे मिळून, काकांना धरून, ते सातजण जमले, बहुतेक सगळे काठीवाले. आठवे कॅप्टन चेऊलकर, सहा फुटी आणि लाजाळू. त्यांनी येताना ठाण्याहून स्वतःचे दोन चुलतभाऊ गाडीत घालून आणले होते. दहा! शीराआत्या दारातच त्या तिघांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत होती. निंबाळकरबाई पुण्याहून आल्या. विशालसाहेब आले. धाटावच्या कारखान्यातून शिफ्ट सुटलेले काकांचे दोन शेजारी तसेच गणवेशात आले. सिनेगॉगच्या खिडक्या सगळ्या उघड्या होत्या आणि मधोमध परातीत पोह्यांचा ढीग, भोवती फळं. दहा पुरुषांचे आवाज एकदम उठले तेव्हा काकांचा आवाज मधेच फुटला. बाकीच्या नवांनी तो सांभाळून घेतला. किती वर्षांनी तिथे दहा आवाज घुमले, ते मी विचारलं नाही.

मलिदा मी तीनदा घेतला. निंबाळकरबाईंनी डबा भरून नेला, आणि जाताना म्हणाल्या, “आता ऑफिसात कसं सांगू, मी मलिदा घेतला म्हणून?”

सगळे पांगले, परात पुसून झाली, तेव्हा काकांनी मला दाराशी बोलावलं. हातात ती किल्ली. त्यांनी कात्रीने लाल टॅगची दोरी कापली आणि खिशातून पिवळा टॅग काढला. त्यावर लिहिलेलंच होतं: ‘वापरण्यास योग्य’. खाली त्यांची सही. शेजारचा रकाना रिकामा.

“कर,” म्हणाले.

“मी? काका, मी तर जित्याची, आगरी घरातली पोर. तुमच्यातल्या कुणाची तरी घ्या. चेऊलकरांची घ्या.”

“दुसरी सही आपल्या खात्यातल्याची चालत नाय,” काका म्हणाले. “बाहेरच्याचीच लागते. विसरलीस काय?”

मग त्यांनी चार पेनांतलं एक काढून माझ्या हातात दिलं. दाराच्या चौकटीवर टॅग टेकवून मी सही केली, दिपिका पाटील, पूर्ण नाव, तारखेसकट. काकांनी ती नेहमीसारखी चष्मा वर करून नीट तपासली, आणि मग टॅग किल्लीला बांधला.